उन्हाळा काढणारं टेरारियम

टेरारियम म्हणजे काचेच्या बंद बरणीत लावलेली छोटी बाग. त्याबद्दल जे वाचायला-बघायला मिळतं, ते बहुतेक थंड किंवा दमट गावांना धरून सांगितलेलं असतं. त्याबरहुकूम लावलेली बरणी आपल्याकडे जानेवारीपर्यंत देखणी राहते, होळी झाली की मान टाकते आणि मे महिन्यात आतली झाडं अक्षरशः शिजतात. मग लोक म्हणतात, विदर्भात हे जमत नाही. जमतं. फक्त आपल्याकडे सगळी आखणी उन्हाळ्यापासून उलटी करत यावी लागते.

बंद बरणीचं गणित आधी समजून घ्या. मातीतलं पाणी मुळं ओढतात, पानांतून त्याची वाफ होते, ती काचेवर जमते आणि ओघळून परत मातीत जाते. त्यामुळे बाहेरची हवा कितीही कोरडी असली तरी आत ओल टिकते. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्या हवेत दमटपणा जेमतेम वीस टक्के उरतो, म्हणून उघड्या कुंडीतलं फर्न आपल्याकडे तगत नाही आणि बरणीतलं तगतं. पण बंद बरणी फक्त कोरडेपणाचा प्रश्न सोडवते, उष्णतेचा नाही. उलट तो वाढवते. झाड स्वतःला गार ठेवतं ते पानांतून पाणी उडवून. बरणीतली हवा आधीच वाफेने भरलेली, पाणी उडणार कुठे? म्हणून उघड्यावर चाळीस अंश सोसणारं झाड बंद काचेत पस्तिशीच्या पुढेच त्रासात पडतं. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अकोला इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो, हे लक्षात ठेवूनच जागा, भांडं आणि झाड निवडायचं.

ही पद्धत तशी जुनी आहे. १८२९ च्या सुमारास लंडनमधल्या नॅथानिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी पतंगाचा कोष ओल्या मातीसह एका बाटलीत बंद करून ठेवला होता. त्यात फर्न आणि गवत आपोआप उगवलेलं त्यांना दिसलं. शहरातल्या धुरकट हवेत फर्न जगत नव्हतं, बाटलीत जगलं. १८३३ मध्ये त्यांनी काचेच्या पेट्यांत झाडं भरून जहाजाने सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली, तीही अशाच पेट्यांतून.

आता भांडं. पाच लिटरची, रुंद तोंडाची, पांढऱ्या स्वच्छ काचेची बरणी सगळ्यात सोयीची. किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांना वापरतात तशी, किंवा लोणच्याची. हात आत जाईल एवढं तोंड हवंच. बाटलीत काम करणं शक्य आहे, पण सडलेलं पान काढायला हात जात नसेल तर पहिलं टेरारियम तिथेच संपतं. हिरवी-तपकिरी काच नको, उजेड अडतो. लोणच्याची बरणी असेल तर आतला तेल-मिठाचा अंश गरम पाणी आणि साबणाने दोन-तीनदा धुऊन, उन्हात वाळवून घ्या. फवारणीच्या औषधाचं, रसायनाचं कुठलंही भांडं कितीही धुतलं तरी वापरू नका. लहान बरणीचा मोह टाळा. अर्ध्या लिटरच्या बरणीत हवा आणि माती इतकी थोडी असते की खोली तापली की आतलं सगळं लगेच तापतं. मोठी बरणी सावकाश तापते, त्यामुळे दुपारचा झटका तिला कमी लागतो.

जागा ठरवताना एक नियम मोडायचा नाही: बंद बरणीवर थेट ऊन पडता कामा नये, हिवाळ्यातसुद्धा. कोवळ्या उन्हातही बंद काच तासाभरात खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापते. उत्तरेकडची खिडकी उत्तम. पूर्वेची असेल तर पडदा हवा. दिवसा तिथे बसून विनासायास पेपर वाचता आला पाहिजे, तेवढा उजेड पुरतो. घराच्या बाबतीत मात्र फरक आहे. जाड मातीच्या भिंतीचं कवेलूचं घर टेरारियमसाठी सोन्यासारखं. मधल्या खोलीतली देवळी दुपारीही गार असते. टिनाच्या घरात बरणी कधीही उंच ठेवू नका. टिनाखालची वरची हवा आणि जमिनीलगतची हवा यांत बराच फरक असतो. आलमारीवरून उतरवून जमिनीलगतच्या पाटावर आणली तरी झाडांचा जीव वाचतो. गार जागेत उजेड कमी पडत असेल तर नऊ वॅटचा पांढऱ्या उजेडाचा एलईडी बल्ब बरणीपासून वीस-पंचवीस सेंटीमीटरवर लावा आणि रोज दहा-अकरा तास चालू ठेवा. मधे वीज गेली तर काही बिघडत नाही. दोन दिवस अंधार झाला तरी झाडं सांभाळून घेतात.

तळाचा थर गिट्टीचा. पाच लिटरच्या बरणीत दोन सेंटीमीटर पुरे, म्हणजे साधारण चारशे मिली. प्लास्टरसाठी रेती चाळली की चाळणीवर जे जाडं उरतं ते याला अगदी योग्य. धुऊन घ्या, पाणी नितळ येईपर्यंत. या थराने पाण्याचा निचरा होतो असं सगळे सांगतात. बरणीला भोकच नाही, तर निचरा होणार कुठे? हा थर म्हणजे चुकून जास्त झालेलं पाणी मुळांपासून लांब थांबवायची जागा आहे, इतकंच. म्हणून तो पाच-पाच सेंटीमीटर जाड करण्यात अर्थ नाही, मातीची जागा वाया जाते. वणी, राजुरा, कोरपना या बाजूला चुनखडकाची गिट्टी मिळते, तिच्यावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर ती वापरू नका. चुना पाण्यात हळूहळू उतरतो आणि फिटोनियासारख्या झाडांची पानं पिवळी पडतात. काळ्या दगडाची गिट्टी किंवा भाजलेल्या विटेचे बोराएवढे तुकडे बिनधास्त वापरा.

गिट्टीवर मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीचा गोल तुकडा, काठाला नेमका बसेल असा कापलेला. सुती कापड नको, महिन्या-दोन महिन्यांत कुजतं. जाळीवर सेंटीमीटरभर लाकडी कोळसा, हरभऱ्याएवढा फोडून. चुलीतला चालतो, पण राख पूर्ण धुऊन निघाली पाहिजे, कारण राख क्षारयुक्त असते. कोळसा वर्षानुवर्षं पाणी शुद्ध करत राहतो या समजुतीवर मी विसंबत नाही. त्याची शोषून घेण्याची ताकद काही काळाने संपते. तरी तो घालावा, कारण तो मातीत हवा खेळती ठेवतो आणि स्वतः कुजत नाही.

मातीच्या बाबतीत आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक होते. वावरातली काळी माती कसदार, म्हणून लोक तीच भरतात. कपाशीला ती चांगली, बरणीला घातक. ओली झाली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते, बंद भांड्यात ती महिनोन्‌महिने चिखलच राहते आणि मुळं गुदमरून काळी पडतात. शिवाय तिच्यात चुनखडीचे बारीक खडे असतात. बरणीतलं मिश्रण हलकं आणि रवाळ हवं. साधारण दीडशे मिलीच्या वाटीने मोजायचं झालं तर असं: भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चार वाट्या, धुतलेली जाड रेती दोन वाट्या, पालापाचोळ्याचं पूर्ण कुजलेलं चाळलेलं खत दीड वाटी, कोळशाचा चुरा अर्धी वाटी. आठ वाट्यांचं हे मिश्रण पाच लिटरच्या बरणीला बरोबर होतं.

कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट कुठल्याही नर्सरीत मिळते. ती भिजवून तीन वेळा धुऊन पिळा, त्यात मीठ असतं. गांडूळखत घालायचं तर अर्ध्या वाटीच्या वर नको. खत जास्त झालं की काचेवर हिरवा थर चढतो, चिलटं होतात आणि झाडं अशी फोफावतात की दोन महिन्यांत बरणी कोंदून जाते. ताजं शेणखत, युरिया, डीएपी यांचं इथे कामच नाही. पानांचं खत हवं असेल तर आंबा-जांभळाच्या जुन्या झाडाखाली वरचा कोरडा पाला बाजूला करा; खालचा काळा, भुसभुशीत, मातीसारखा वास येणारा थर घ्या. सागाचा पाला टाळा. हे खत बंद पातेल्यात थोड्या पाण्यावर अर्धा तास वाफवलं तर गोगलगाईची अंडी, वाणी नावाच्या बहुपाद किड्याची पिल्लं आणि तणाचं बी मरतं. सोयाबीनचे कोंब कुरतडणारी वाणी बरणीत गेली तर तिथेही तेच करते.

आणि पाणी. बोअरचं पाणी वापरू नका, एवढं एक वाक्य पाळलं तरी निम्मा त्रास वाचतो. उघड्या कुंडीत क्षार पाण्याबरोबर खालून वाहून जातात. बंद बरणीतून बाहेर काहीच जात नाही, प्रत्येक वेळी घातलेला क्षार आतच साठत राहतो. पानांच्या कडा करपतात, काचेवर पांढरे डाग पडतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचंही पाणी चालत नाही. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं: पहिले दोन-तीन पाऊस कवेलू-टिनावरची धूळ धुण्यात जाऊ द्या, मग स्वच्छ भांड्यात धरा, गाळा आणि झाकणबंद बाटल्यांत अंधारात ठेवा. एका बरणीला वर्षभरात दोन लिटरसुद्धा लागत नाही. ते नसेल तर गावातल्या आरओच्या कॅनमधलं पाणी घ्या.

झाडं निवडताना दोन गोष्टी बघायच्या: दमट हवा आवडते का, आणि उंची हातभर होणार नाही ना. फिटोनिया, लहान पेपेरोमिया, सेलाजिनेला, फायकस पुमिला ही नेहमीची झाडं नागपूर-अमरावतीच्या नर्सऱ्यांत मिळतात. यांतलं फिटोनिया सगळ्यात सुंदर आणि उन्हाळ्यात सगळ्यात आधी कोसळणारं. पुमिला आणि पेपेरोमिया जास्त चिवट. तालुक्याच्या नर्सरीत हे काही नसेल तर त्यांच्या कुंड्यांत तण म्हणून उगवलेलं बारीक पानांचं पायलिया मागून घ्या, फुकट देतात. विहिरीच्या ओट्याशी, मोरीजवळही ते उगवतं. त्याच्याइतकं सोपं झाड या कामाला दुसरं नाही; फक्त महिन्यातून एकदा कात्री लावावी लागते. बांधीव विहिरीच्या आतल्या भिंतीवर पावसाळ्यात हंसराज नावाचं फर्न येतं, काळ्या चकचकीत देठांचं. त्याचं छोटं रोप मुळांच्या मातीसकट निघालं तर बरणीत छान बसतं. आपल्याकडच्या हंसराजाची काही जात हंगाम सरला की पानं टाकते, मेलं समजून उपटू नका, गड्डा हिरवा-टणक आहे का ते आधी बघा. मनीप्लांट आणि ट्रॅडेस्कॅन्शिया लगेच रुजतात, पण दोन-तीन महिन्यांत बाकीच्यांना झाकून टाकतात.

निवडुंग, इचेव्हेरिया, हावर्थिया, कोरफड यांना बंद बरणीत कधीही घालू नका. भेटवस्तू म्हणून अशा बरण्या विकल्या जातात आणि त्या सडणारच असतात. ही झाडं उघड्या, पसरट काचेच्या भांड्यात, अर्ध्याहून जास्त रेती घालून लावायची, हा वेगळाच प्रकार आहे.

मातीवर पसरायचं मॉस, म्हणजे भिंतींवरचं मखमली हिरवं शेवाळ, श्रावणात गोळा करायचं: घराच्या उत्तरेकडच्या विटांच्या भिंतीवरून, विहिरीच्या कठड्यावरून, जुन्या कवेलूंवरून. चाकूची सपाट बाजू घालून पातळ थर उचला, स्वच्छ पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा म्हणजे मुंग्या-किडे वर येतात. आपल्या भिंतीवरचं मॉस दिसायला डोंगरातल्या मॉसइतकं दाट नसतं, पण गरम हवेत तेच जास्त टिकतं. मेळघाट, ताडोबा, नवेगाव इथून झाड, मॉस, लाकूड काहीही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातून असं काही उचलणं गुन्हा आहे, आणि आपल्या घराच्या भिंतीवर पुरेसं उगवतं.

लावायचा हंगाम गणपती ते दिवाळी. तेव्हा कलमं लवकर रुजतात आणि उन्हाळ्याआधी मुळं धरायला चार-पाच महिने मिळतात. फेब्रुवारीनंतर नवी बरणी सुरू करू नका.

झाडं आणल्यावर पंधरा दिवस वेगळी ठेवा, कीड असेल तर दिसते. मग मुळांची जुनी माती हलक्या हाताने धुवा, लांब मुळं कापा, डाग पडलेलं प्रत्येक पान काढा. आत गेलेलं खराब पान म्हणजे बुरशीला आमंत्रण. मिश्रणाची ओल मुठीत दाबून बघायची: एखाद-दुसरा थेंब टपकला तर बरोबर, धार लागली तर पुन्हा पिळा, गोळाच होत नसेल तर थोडं पाणी शिंपडा. बरणीत भरताना मागे सात आणि पुढे चार सेंटीमीटर असा उतार ठेवा, मागची झाडं उठून दिसतात. पाच लिटरला तीन, फार तर चार झाडं. बांबूच्या कामटीने खड्डा करा, चिमट्याने झाड बसवा, माती दाबा. पानं काचेला टेकू देऊ नका. टेकलेलं पान सतत ओलं राहून कुजतं. मॉस शेवटी, मातीवर घट्ट दाबून. खाली पोकळी राहिली तर वाळतं. सगळं झालं की फवारणीच्या छोट्या बाटलीने साठ ते ऐंशी मिली पाणी, काच धुतली जाईल असं. काच आतून पुसून झाकण लावा.

नंतरचं सगळं वाचन काचेवरून करायचं. सकाळी काचेच्या एक तृतीयांश भागावर दव आणि दुपारपर्यंत काच साफ, म्हणजे पाणी बेताचं आहे. दिवसभर काच धुरकट राहिली तर पाणी जास्त: संध्याकाळी झाकण दोन-तीन तास उघडा, असं चार-पाच दिवस. सकाळीसुद्धा काच कोरडी आणि मॉस फिकं, तर दोन चमचे पाणी, जास्त नाही. तळाच्या गिट्टीत पाणी अर्ध्याच्या वर दिसलं तर मेडिकलमधून वीस मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी आणा, नळी काचेला लागून खाली सोडा आणि पाणी ओढून घ्या.

या वाचनात दोन ठिकाणी फसगत होते. डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा काच गार पडून सकाळी पूर्ण धुरकटते; ते जास्त पाण्याचं लक्षण नाही, दुपारी काय दिसतं ते बघा. आणि उन्हाळ्यात कूलरचा झोत ज्या बाजूने लागतो त्या बाजूला आतून दव धरतं, माती कोरडी असली तरी. अशा वेळी काचेपेक्षा मातीचा रंग खरा: ओलं कोकोपीट गडद, कोरडं फिक्कट तपकिरी.

आता खुद्द उन्हाळा. मार्च लागला की वाढ छाटून एक तृतीयांश कमी करा, दाट पानांत सड लवकर पसरते. पाणीही थोडं कमीच असू द्या; गरम आणि चिंब माती मुळांना सगळ्यात वाईट. खोली अडतीसच्या पुढे जाऊ लागली की बरणी परातीत ठेवा, परातीत चार बोटं रेती, रेती कायम ओली, आणि बरणीच्या खालच्या अर्ध्या भागाला ओलं सुती फडकं गुंडाळा, त्याचं टोक रेतीत. माठ ज्या कारणाने गार राहतो त्याच कारणाने ही बरणी गार राहते. आपली उन्हाळी हवा इतकी कोरडी की फडक्यातून पाणी झपाट्याने उडतं आणि काच खोलीपेक्षा आठ-दहा अंशांनी गार राहू शकते. त्यासाठी फडक्याला वारा लागला पाहिजे, कोंदट कपाटात याचा उपयोग नाही. इथे मात्र बोअरचं पाणी चालतं, ते बाहेरच राहतं. दुपारी अकरा ते पाच झाकण बंद, रात्री हवा गार झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं उघडं. दुपारी उघडलं तर बाहेरची भट्टी आत जाते आणि ओल बाहेर. जून संपता संपता हवा दमट झाली की फडकं काढून टाका, तेव्हा त्याने गारवा येत नाही, नुसती बुरशी येते.

एवढं करूनही फिटोनिया पडलं तर लगेच पाणी ओतू नका. गार जागी हलवा, रात्रीतून उठलं तर ते फक्त तापलं होतं. देठ बुडाशी काळा, मऊ झाला असेल तर ते सडलं आहे. काळ्या भागाच्या वरून कापा, वरचा हिरवा शेंडा दुसऱ्या पेल्यात रुजवा, खालची मुळं आणि भोवतीची चमचाभर माती काढून टाका.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लाकडाच्या तुकड्यावर किंवा खतावर पांढरी कापसासारखी बुरशी दिसते. तिला घाबरू नका, सहज कुजणारं संपलं की ती ओसरते. जिवंत पानावर चढली तरच ते पान काढा. तिचा कायमचा बंदोबस्त स्प्रिंगटेल करतात. हे दीड-दोन मिलिमीटरचे पांढुरके उड्या मारणारे जीव बुरशी आणि सडकं खातात, जिवंत झाडाला हात लावत नाहीत. माठाखालच्या ओल्या विटा उचलल्या की, किंवा कुजक्या पाल्यात, ते सापडतात. तो पाला पाण्यात टाका. त्यांचं अंग भिजत नाही, म्हणून ते पृष्ठभागावर तरंगतात. कागदाच्या टोकाने उचलून ओल्या कोळशाच्या डबीत सोडा, आठवड्याला तांदळाचे चार दाणे द्या. महिना-दीड महिन्यात डबी भरते. मग थोडं पाणी घालून बरणीत ओता.

पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या पिठाने माखल्यासारखी दिसणारी कीड; कापूस पिकवणाऱ्याला तिची ओळख करून द्यायला नको. बरणीत दिसली तर कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन एकेक टिपा, दोन तास झाकण उघडं ठेवा, दर पाच दिवसांनी असं तीन-चार वेळा. फवारणीचं औषध थेंबभरसुद्धा नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उघड्या वावरात फवारताना झालेल्या विषबाधेत शेतकरी-मजुरांचे जीव गेले; इथे तर तीच वाफ बंद काचेत साठून झाकण उघडताना थेट तोंडावर येईल. चिलटं झाली तर पिवळ्या चिकट कागदाची बोटभर पट्टी आत लटकवा आणि दहा दिवस पाणी बंद करा.

झाडं लांबुळकी होऊन एका बाजूला झुकली तर उजेड कमी आहे. दर आठवड्याला बरणी पाव फेरा फिरवा, तरी भागलं नाही तर बल्ब लावा. खत पहिलं वर्ष अजिबात नाही. दुसऱ्या वर्षी नवी पानं फिकी आणि बारीक येऊ लागली तर वरची दोन सेंटीमीटर माती काढून त्या जागी आधी सांगितलेलंच मिश्रण नव्याने भरा, आणि तेही दसऱ्याच्या सुमारास, उन्हाळ्याच्या तोंडावर नाही.